एमएसडब्ल्यू झाल्यावर सायकोथेरपी करता येते का?

साताऱ्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून दोन वर्षे संस्थेत काम केलेल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे की, कॅलिफोर्नियातली त्यांची आतेबहीण क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून स्वतःच्या खोलीत सायकोथेरपी, म्हणजे बोलण्यातून मानसिक उपचार, करते, तसे इथे आपल्याला करता येईल का आणि त्याचा परवाना कुठे मिळतो. मिरज-सांगली भागात मी २७ वर्षे सायकियाट्रिक सोशल वर्कर (मनोरुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता) म्हणून काम केले आहे; त्या आधारावर लिहितो.

आधी आतेबहिणीचे. तिकडे मान्यताप्राप्त संस्थेतून एमएसडब्ल्यू करताना किमान ९०० तासांचे फील्डवर्क होते, पण तेवढ्यावर कोणी थेरपिस्ट होत नाही. कॅलिफोर्नियात पदवीनंतर राज्याच्या बोर्डाकडे 'असोसिएट' म्हणून नोंदणी करावी लागते आणि मग ३,००० तासांचे काम, तेही कमीत कमी १०४ आठवड्यांत पसरलेले, मान्यताप्राप्त सुपरवायझरच्या देखरेखीखाली पूर्ण करावे लागते. त्यानंतर कायदा व व्यावसायिक नीतीची एक आणि क्लिनिकल विषयाची दुसरी, अशा दोन परीक्षा आहेत. परवाना राज्याचा असतो, देशाचा नव्हे. न्यूयॉर्कचे नियम वेगळे आहेत. म्हणजे तुमच्या बहिणीच्या दारावरच्या पाटीमागे पदवीनंतरची कितीतरी वर्षे आहेत.

आपल्याकडे नुसत्या एमएसडब्ल्यूला सायकोथेरपीचा असा स्वतंत्र परवाना नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या दिलेली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कमधले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखालचे क्लिनिकल प्रशिक्षण असलेच पाहिजे. याच कायद्याने अशा कार्यकर्त्यांची राज्यस्तरावर नोंदणी करून यादी प्रसिद्ध करण्याचे काम राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे दिले आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती वाट निराळी आहे, आणि एमएसडब्ल्यूवाल्यांनी ते नाव लावू नये, हे मी मुद्दाम सांगतो, कारण शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर 'थेरपिस्ट' लिहिलेल्या पाट्या आता आपल्या पेठांतही दिसू लागल्या आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यातही क्लिनिकल, सायकियाट्रिक आणि मेडिकल सोशल वर्कर यांचा उल्लेख आला आहे.

एम.फिल.साठी बेंगळुरूचे निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आणि आसामातल्या तेजपूरची मानसिक आरोग्य संस्था ही जुनी नावे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केले आणि या विषयाला २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. म्हणून अर्जाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेची चालू प्रवेशसूचना स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

एम.फिल.च्या त्या दोन वर्षांत नक्की काय होते, ते थोडे सविस्तर सांगतो. मी प्रशिक्षणार्थी असताना प्रत्येक मुलाखतीनंतर 'प्रोसेस रेकॉर्डिंग' लिहावे लागे: रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प होते, सगळे आठवून शब्दशः. गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी तामिळनाडूत राहणारा खानापूर तालुक्यातला एक माणूस (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) नैराश्यामुळे गावी परतला होता. औषध चालू होते, झोप येत होती, तरी तो घरात कोणाशी बोलत नव्हता. त्याची आई म्हणाली, "पोरगं नुस्तं भिताडाकडं बघत बसतंय." मी लगेच त्यांना चार सूचना दिल्या आणि वहीत तशाच लिहिल्या. माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी त्या चारही ओळींखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले, "तुम्हाला कशाची घाई होती?" पुढच्या भेटीत मी गप्प बसलो, तेव्हा तासाभराने त्याच्या बायकोने कर्जाचा विषय काढला, जो तोवर सासूलाही ठाऊक नव्हता. ती वही आणि ती लाल रेघ म्हणजेच सुपरव्हिजन, आणि पुस्तके वाचून ती मिळत नाही.

एम.फिल. होईपर्यंत तुम्ही रिकाम्या बसावे असे मुळीच नाही. रुग्णालयाच्या किंवा मानसोपचारतज्ज्ञांच्या टीममध्ये केसवर्क (एकेका रुग्णासोबतचे काम), कुटुंबाशी बोलणे, गृहभेटी, सरकारी योजनांची कागदपत्रे, औषध सुटले तर पाठपुरावा, हे सगळे एमएसडब्ल्यूचेच काम आहे. समुपदेशन करायचे तर पाटीवर आपली पदवी जशी आहे तशीच लिहा आणि आठवड्यातून एक तास तुमच्या केसेस ऐकणारा अनुभवी माणूस गाठा, त्यासाठी पुण्याची फेरी पडली तरी चालेल. कोणी जीव देण्याची भाषा केली, कानांत आवाज येतात म्हणाले, तर तो रुग्ण त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचला पाहिजे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांच्या हातात लिहून द्या.

आणि एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कच्या वह्या रद्दीत गेल्या नसतील तर शोधून ठेवा. माझ्या एम.फिल. प्रवेशाच्या मुलाखतीच्या वेळी पॅनेलने गुणपत्रिकेआधी त्याच मागितल्या होत्या.