प्राचीन इतिहासात एम.ए. करू का? चाळीसगावकडच्या मुलाला उत्तर

तुझे प्रश्न असे आहेत: बी.एस्सी. झालंय, संस्कृत शाळेतच सुटलं, तरी प्राचीन इतिहासात एम.ए. जमेल का? जळगावला करू की पुण्याला? तुझं गाव वाघळीच्या शिवेला लागून आहे आणि वाघळी ही एका प्राचीन घराण्याची राजधानी होती असं वाचल्यापासून त्याच विषयावर प्रबंध करायचं मनात आहे, ते योग्य का? शिवाय घरचे म्हणतात बी.एड. कर.

आधी वाघळीचं बोलू, कारण बाकीचं त्यातच येतं.

तू वाचलंस ते कुणी हवेत सोडलेलं नाही. शिरपूरला महाराज रुद्रदास नावाच्या राजाचा ताम्रपट मिळाला. इंदूरला स्वामिदास आणि भुलुंड यांचे मिळाले होते. हे सगळे राजे 'वल्ख' नावाच्या ठिकाणाहून दान देतात. जुन्या लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी वल्ख म्हणजे आपली वाघळी असं मांडलं आणि लेखांतली वर्षं कलचुरी-चेदी संवताची, म्हणजे त्या नावाच्या वर्षगणनेची, धरली. मिराशी म्हणजे या विषयातला केवढा माणूस! त्यांचं नाव आल्यावर आपल्याकडे कोण दुसरा शब्द बोलणार? मग १९८२ साली मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाघजवळ २७ ताम्रपटांचा साठा निघाला. त्यात हेच राजे, हेच वल्ख. गावांची नावं मात्र नर्मदेच्या खोऱ्यात बसणारी. राजधानी सातपुड्याच्या पलीकडे गेली, आणि पुष्कळ अभ्यासक आता ती वर्षं गुप्त संवताची धरतात. संवत बदलला की तेच राजे सत्तर वर्षं पुढे सरकतात.

म्हणजे एम.ए.च्या पहिल्याच महिन्यात तुझी राजधानी जाणार. मला वाटतं ते बरंच आहे. 'आपलं गाव किती जुनं' हे सिद्ध करायला येणारी मुलं दुसऱ्या सत्रात कंटाळतात, नाहीतर पुरावा वाकवायला लागतात. मीही तसाच आलो होतो. बहाळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पावसाळ्यानंतर, काळ्या नक्षीचं लाल खापर सापडलं म्हणून रुमालात बांधून सरांकडे नेलं. सरांनी ते उलटं केलं, कडेला अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुठलं?" म्हटलं, गिरणाकाठचं. "कुठल्या काठाचं? पांढरीच्या माथ्यावरचं की पायथ्याचं? नांगराच्या तासातलं की घळीतलं?" मला एकही सांगता येईना. ते म्हणाले, "मग तू पुरावा नाही आणलास, खापर आणलंस." तेव्हापासून मी काही उचलत नाही. फोटो काढतो, जागा टिपतो, वस्तू जिथली तिथे. तूही उचलू नकोस. संरक्षित ठिकाणी तर कायद्यानेही चालत नाही.

आता संस्कृतचं. बी.एस्सी.ची अडचण नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन जातो, आणि उत्खननात पराग, हाडं, माती यांचं काम करणाऱ्याला विज्ञान आलेलं उपयोगीच पडतं. पण भाषेला पळवाट नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ब्राह्मी लिपी शिकायला पंधरा दिवस पुरतात. ती आली की वाटतं, झालं. मी पहिल्या परीक्षेत अक्षरं सगळी ओळखली आणि एकाही शब्दाचा अर्थ लागला नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांत ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षातला. त्यात मुलाचं, गौतमीपुत्राचं वर्णन येतं: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदभ, आकरावंति यांचा राजा. पुढे 'तिसमुदतोयपीतवाहनस' (ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्याली), 'खखरातवसनिरवसेसकरस' (खखरात वंश निःशेष करणारा), 'एकबम्हणस' (एकमेव ब्राह्मण). विशेषणांमागून विशेषणं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तो 'स'. तो षष्ठीचा आहे, आपल्या 'चा'चं काम करणारा, हे ठाऊक नसेल तर हे वाक्य कुठे चाललंय ते कळतच नाही. ठाऊक असेल तर दिसतं की हे सगळं मुलाचं कौतुक ओलांडून वाक्य शेवटी थांबतं आईवर: अशा अशा राजाची माता, गोतमी बलसिरी. भाषांतरात हे सपाट होतं. मूळ लेखात जोडाक्षरं मोडलेली असतात, दुहेरी अक्षर एकेरी कोरलेलं असतं; 'खखरात' म्हणजे क्षहरात, हे शक राजांचं घराणं, हे डोळ्याला आपोआप दिसेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून म्हणतो, प्रवेशाची वाट बघू नकोस. आजपासून रोज तासभर संस्कृतची विभक्ती, आणि तीन महिन्यांनी प्राकृत.

आणि यादीतला पहिला शब्द बघितलास? असिक, म्हणजे ऋषिक. मिराशींनी ऋषिक म्हणजे खानदेश असं धरलं. तेच मिराशी, ज्यांचं वल्ख हुकलं. मग हे घ्यायचं की नाही? एम.ए. म्हणजे या प्रश्नापुढे दोन वर्षं बसणं. नावावर भरवसाही नाही आणि नावाला घाबरणंही नाही. त्यांनी कशाच्या आधारावर म्हटलं ते काढायचं. त्यांचं बरंचसं लेखन मराठीतही आहे. जुन्या लेखांचे पाठ छापणाऱ्या 'एपिग्राफिया इंडिका'चे जुने खंड नेटवर फुकट मिळतात. इंग्रजी अडेल, अडू दे. एक पान दिवसभर वाच.

विद्यापीठाबद्दल थोडक्यात. जळगावच्या विद्यापीठात किंवा त्याच्या महाविद्यालयांत इतिहासाचं एम.ए. केलंस तर प्राचीन हा त्यातला एक भाग असतो. घरी राहून होतं, खर्च कमी. नाणी, लेख, उत्खनन हातानं शिकायचं असेल तर डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहासाचा विभाग किंवा बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ.  फीचे आकडे दरवर्षी बदलतात, ते संकेतस्थळावरच बघ. कुठेही गेलास तरी सुटीत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसायची सवय लाव.

प्रबंधाला वाघळी सोडू नकोस, विषय मात्र बदल. तिथला स्वतःचा लेख आहे, शके ९९१चा, म्हणजे इ.स. १०६९. यादव सेउणचंद्राच्या हाताखालचा गोविंदराज, आणि तो स्वतःला मौर्य म्हणवतो. अशोकानंतर तेराशे वर्षांनी, चाळीसगावजवळ, मौर्य! शिवाय तिथून जवळच पाटणचा लेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा, शके ११२८चा. त्याचा शेवट चक्क मराठीत आहे: 'इयां पाटणीं जें केणें उघटे', म्हणजे या पाटणात जो माल विकायला निघेल, त्यावरच्या कराचं दान. वरचं संस्कृत पंडितांसाठी. पैशाचा भाग बाजारातल्या माणसाला कळेल असा. हे दोन लेख घे आणि एवढंच विचार की अकराव्या ते तेराव्या शतकात या पट्ट्यात कोण कुणाला काय देत होतं. एम.ए.च्या प्रबंधाला ते पुरून उरतं. 'खानदेशाचा प्राचीन इतिहास' हा विषय मात्र घेऊ नकोस. त्यात सावळदा आणि प्रकाशे इथल्या जुन्या वस्त्या, पितळखोऱ्याची लेणी, सगळं येतं आणि तुझं काहीच येत नाही.

बी.एड.चं खोटं सांगणार नाही. या विषयात जागा कमी, वाट लांब. नेट, सेट, पीएच.डी., मधे कंत्राटी काम. माझे वडील म्हणाले होते, "दगडं वाचीसन पोट भरस का?" मी दोन वर्षं मागितली आणि नेट नाही निघाली तर बी.एड. करीन असं कबूल केलं. दुसऱ्या वर्षी पितळखोऱ्याला त्यांना बरोबर नेलं. तिथल्या यक्षाची मूर्ती दिल्लीला आहे, तिचा फोटो मोबाइलवर दाखवला. हातावर लेख आहे की ती कण्हदास सोनारानं घडवली. वडील फोटोकडे बघत म्हणाले, "सोनार दगडमां काम करे?" मी म्हटलं, हाच प्रश्न आहे. त्यानंतर बी.एड.चा विषय आठवड्याला एकदाच निघायचा.

नाशिकला जाशील तेव्हा बॅटरी ने, आणि लेखावर समोरून नको, बाजूनं तिरकी धर. सावली पडली की अक्षरं उठतात. पहिल्या दिवशी फक्त 'स' शोध.