आरोग्य-प्रश्नोत्तरे : स्टेंट की बायपास, मशीन की बीटिंग हार्ट, आणि पोटाचे टाके

हृदयाच्या आणि आतड्याच्या शस्त्रक्रियांबद्दल जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे : दोन डॉक्टर दोन पद्धती सांगतात, संशोधन काय म्हणतं?

प्रश्न : वडील 64 वर्षांचे, पंधरा वर्षांचा मधुमेह. अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्यांत ब्लॉक निघाले. एका ठिकाणी तीन स्टेंट सांगितले, दुसरीकडे बायपास. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. स्टेंट टाकले तर आठवड्यात बागेत जाता येईल असं वडील म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘मधुमेह’ हा आहे. मधुमेह आणि एकाहून जास्त वाहिन्यांत ब्लॉक, नेमक्या अशाच 1,900 रुग्णांवर ‘फ्रीडम’ नावाची चाचणी झाली आणि 2012 मध्ये तिचे निष्कर्ष आले. स्टेंट कोणाला आणि बायपास कोणाला, हे तिथं डॉक्टरांनी ठरवलं नाही. चिठ्ठी काढावी तसं ठरलं. डॉक्टरांनी निवड केली असती तर धडधाकट रुग्ण एका गटात आणि थकलेले दुसऱ्या गटात गोळा झाले असते, मग तुलनेला अर्थ उरला नसता.

पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही घडलं, ते स्टेंटच्या गटात 26.6 टक्के आणि बायपासच्या गटात 18.7 टक्के. म्हणजे शंभर माणसांमागे साधारण आठ जणांचा फरक. नुसते मृत्यू धरले तर 16.3 आणि 10.9. पक्षाघात मात्र उलट : बायपासनंतर 5.2 टक्के, स्टेंटनंतर 2.4 टक्के. बायपास सांगणाऱ्यानं हा शेवटचा आकडा आणि स्टेंट सांगणाऱ्यानं आधीचे आकडे तुमच्यापुढे ठेवले पाहिजेत.

फरक पडतो तो का? पाटात एका जागी गाळ साचला आणि तेवढाच काढला, तर वरच्या अंगाला पुन्हा गाळ धरला की पाणी अडतंच. स्टेंटचं, म्हणजे ब्लॉकच्या जागी वाहिनी उघडी धरणाऱ्या जाळीच्या नळीचं, असं आहे, तो एका जागेपुरता. बायपास म्हणजे वरून वेगळी पाइपलाइन टाकून ती पुढच्या वाफ्यात सोडणं. मधे नवीन ब्लॉक झाला तरी पुढे रक्त पोचतं. मधुमेहात वाहिनी एकाच जागी न बिघडता लांबवर खराब होते, म्हणून पाइपलाइनचा फायदा तिथं जास्त दिसतो.

त्या चाचणीतले स्टेंट जुन्या पिढीचे होते, हा आक्षेप रास्त आहे. नव्या स्टेंटची तीन वाहिन्यांच्या आजारात बायपासशी तुलना करणाऱ्या ‘फेम 3’ चाचणीत (2022) एका वर्षानंतरही बायपासचं पारडं जड राहिलं : गंभीर घटना बायपासनंतर 6.9 टक्के, स्टेंटनंतर 10.6. यात पुन्हा करावी लागलेली प्रक्रियाही मोजली होती. पुढे पाच वर्षांनी मृत्यू, पक्षाघात आणि झटका या तिन्हींच्या बेरजेत स्पष्ट फरक उरला नाही. पण तिथले बहुतेक रुग्ण मधुमेही नव्हते. तुमचे वडील आहेत.

म्हणून, किडनी आणि फुप्फुसं बरी असतील, आधी पक्षाघात झालेला नसेल, तर आमचा कौल बायपासला. अँजिओग्राफीवरून ‘सिंटॅक्स स्कोअर’ काढून मागा. 22 पर्यंत असेल तर ब्लॉक तुलनेनं साधे, 33 किंवा त्याहून जास्त असेल तर गुंतागुंतीचे. राहिली छाटणी. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधतात. ते जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोंहून जास्त वजन नाही. म्हणजे भरलेली घागर नाही, क्रेट नाही, फवारणीचा पंप नाही. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल डॉक्टरांनी हाड तपासून सांगितल्यावरच. या हंगामापुरती छाटणी दुसऱ्याकडे सोपवा. आणि स्टेंटचं ठरलं, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सांगितले तितके महिने चुकवायच्या नाहीत. दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनानं बंद केलेली गोळी स्टेंटमध्ये गुठळी करू शकते.

प्रश्न : बीटिंग हार्ट बायपास जास्त सुरक्षित असते, मशीनवरची जुनी झाली, असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही. इतकं सरसकट तर नाहीच. आपल्या देशात बीटिंग हार्टचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे हा समज रुजला असावा.

ज्या वाहिनीला जोड द्यायचा ती दीड-दोन मिलिमीटरची. मशीनवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या पंपावर, हृदय थांबवलं की ती स्थिर असते. बीटिंग हार्टमध्ये पंप लावत नाहीत. हृदयाचा तेवढाच भाग एका चिमटेवजा उपकरणानं दाबून स्थिर धरतात आणि बाकीचं हृदय चालू असताना केसाहून बारीक धाग्यानं टाके घालतात. मागच्या बाजूच्या वाहिनीसाठी हृदय उचलून फिरवावं लागतं, तेव्हा रक्तदाब पडतो. इथंच हात अवघडतो : एखादा जोड नीट बसत नाही, किंवा ठरलेले चार ग्राफ्ट (नव्यानं जोडलेल्या वाहिन्या) तीनवर येतात.

दोन मोठ्या चाचण्या शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली ‘रूबी’ (2009) : 2,203 रुग्ण. वर्षाअखेर मृत्यू, झटका किंवा पुन्हा प्रक्रिया बीटिंग हार्टमध्ये 9.9 टक्के, मशीनवर 7.4. उघडे राहिलेले ग्राफ्ट बीटिंग हार्टमध्ये 82.6 टक्के, मशीनवर 87.8. दुसरी ‘कोरोनरी’ (2012) : भारतासह 19 देश, 4,752 रुग्ण. तिथं गंभीर घटनांचं प्रमाण तीस दिवसांत बीटिंग हार्टमध्ये 9.8 टक्के, मशीनवर 10.3, आणि पाच वर्षांत 23.1 विरुद्ध 23.6. म्हणजे फरक नाही.

एकच शस्त्रक्रिया, मग निकाल वेगळे कसे? करणारे हात पाहा. ‘कोरोनरी’त भाग घ्यायला त्या त्या पद्धतीच्या शंभराहून जास्त शस्त्रक्रिया केलेल्या असणं सक्तीचं होतं. ‘रूबी’त वीसची अट होती, आणि बऱ्याच शस्त्रक्रियांत शिकणारे डॉक्टर मुख्य हात चालवत होते. पद्धतीइतकाच हात मोजला गेला, असं आम्ही याचं वाचन करतो.

बीटिंग हार्टचे खरे फायदेही ‘कोरोनरी’त दिसले : रक्त कमी द्यावं लागलं, रक्तस्रावासाठी छाती पुन्हा कमी वेळा उघडावी लागली, किडनीला तात्पुरता धक्का कमी बसला. महाधमनीत चुना साचलेला असेल तर तिला चिमटा न लावता काम उरकणं मोलाचं, कारण त्या चुन्याचा कण सुटून मेंदूत गेला की पक्षाघात. तेव्हा विचारायचे प्रश्न हे : ही पद्धत तुम्ही वर्षाला किती वेळा करता? मधेच मशीन लावावं लागलं असं किती वेळा होतं? ठरलेले सगळे ग्राफ्ट पूर्ण होतील का?

प्रश्न : ग्राफ्टसाठी पायाची शीर घ्यावी की हाताची?
— एक वाचक, जत

उत्तर : छातीच्या आतली डावी धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला, यावर फारसं दुमत नाही. दहा वर्षांनीही ती दहापैकी नऊहून जास्त जणांत उघडी असते. पायाच्या शिरा तोवर जवळजवळ निम्म्या बंद पडलेल्या असू शकतात. हाताची धमनी पायाच्या शिरेपेक्षा जास्त टिकते. पण त्याच मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल किंवा पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर ते सर्जनना आधीच सांगा. पायाची शीर दुर्बिणीतून काढली तर पायाची जखम कमी पिकते. मधुमेहींनी हे आवर्जून विचारावं.

प्रश्न : आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. दुर्बिणीतून केली तर गाठ पूर्ण निघते का? रोबोटचा खर्च करावा का?
— एक वाचक, पलूस

उत्तर : मोठ्या आतड्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. अमेरिकेत 872 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2004) तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीत 16 टक्के, पोट उघडून 18 टक्के, म्हणजे सारखंच. रुग्णालयातला मुक्काम पाच दिवस विरुद्ध सहा. मात्र दुर्बिणीतून सुरू केलेल्यांपैकी 21 टक्के जणांचं पोट शेवटी उघडावंच लागलं, आणि त्यांची मोजणी दुर्बिणीच्याच गटात केली गेली. हे प्रामाणिक आहे. अवघड रुग्ण बाजूला काढले तर कुठलीही पद्धत चांगली दिसते. पोट उघडावं लागलं तर ते सर्जनचं अपयश समजू नका.

मलाशयाचं, म्हणजे शेवटच्या भागाचं, तसं नाही. कटीच्या अरुंद हाडांत काम असतं. 2015 च्या दोन चाचण्यांत दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली आहे हे सिद्ध करता आलं नाही. रोबोटची तुलना 471 रुग्णांवर झाली (2017) : पोट उघडावं लागलं ते रोबोटमध्ये 8.1 टक्के, साध्या दुर्बिणीत 12.2. हा फरक योगायोगाचा असू शकतो एवढाच होता. आईची गाठ मोठ्या आतड्यात असेल तर रोबोटसाठी कर्ज काढू नका.

त्यापेक्षा शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात घ्या. त्यात किमान 12 लसिका ग्रंथी तपासल्याचं लिहिलेलं हवं आणि कापलेल्या कडा आजारमुक्त हव्यात. बारापेक्षा कमी असतील तर का, हे विचारा; पुढची केमोथेरपी त्यावर ठरते.

प्रश्न : पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर गावात तिघांना हर्निया झाला. ऊसतोडीला गेल्यामुळे झाला म्हणतात. टाक्यांचा दोष असतो का?
— एक वाचक, आष्टा

उत्तर : वजन उचलणं, खोकला, तंबाखू, लठ्ठपणा, पिकलेली जखम ही कारणं आहेतच. पण टाक्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो सुधारता येतो. नेदरलँड्समधल्या ‘स्टिच’ चाचणीत (2015) 560 रुग्णांचं पोट मधोमध उघडलेलं होतं. निम्म्यांना नेहमीचे मोठे टाके : कडेपासून एक सेंटिमीटर आत, दर सेंटिमीटरला एक. निम्म्यांना बारीक धाग्यानं पाच-पाच मिलिमीटरवर. वर्षभरात हर्निया मोठ्या टाक्यांत 21 टक्के, लहान टाक्यांत 13.

गोधडी शिवणारीला हे सांगावं लागणार नाही. लांब टाका फाकतो. पोटात आणखी एक गोष्ट घडते : मोठ्या टाक्यात पोटाच्या भिंतीतल्या मजबूत पांढऱ्या पापुद्र्याबरोबर चरबी आणि स्नायूही आवळले जातात, त्यांचं रक्त तुटतं, ते आक्रसतात आणि टाका सैल पडतो. कडा दूर सरतात. लहान टाक्यात फक्त पापुद्रा पकडायचा असतो. धागा जखमेच्या किमान चौपट लागला पाहिजे; 20 सेंटिमीटरची जखम असेल तर 80 सेंटिमीटर. टाके घालायला थोडी मिनिटं जास्त जातात, तेवढंच.

जखम पिकण्याबद्दलही एक स्वस्त उपाय सिद्ध झाला आहे. भारतासह सात देशांत 13,301 रुग्णांवर झालेल्या ‘चीता’ चाचणीत (2022) पोट शिवायच्या आधी सगळ्या चमूनं हातमोजे आणि अवजारं बदलली, तर जखम पिकण्याचं प्रमाण 18.9 वरून 16 टक्क्यांवर आलं. मिरजेसारख्या ठिकाणी, जिथं आजूबाजूच्या तालुक्यांतून आणि कर्नाटकातूनही रुग्ण येतात, तिथल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात हे व्हायला हवं.

प्रश्न : मलाशयाच्या शस्त्रक्रियेत पोटावर तात्पुरती पिशवी लावणार आहेत. टाळता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : गाठ काढल्यावर आतड्याची दोन टोकं जोडतात. तो जोड भरेपर्यंत मळ पोटावरच्या पिशवीत वळवतात. जोड खूप खाली असेल तर टाळू नका. स्वीडनमधल्या 234 रुग्णांच्या चाचणीत (2007) जोडातून त्रास देणारी गळती पिशवी असलेल्यांत 10.3 टक्के, नसलेल्यांत 28. गळती बहुधा पहिल्या आठवड्यातच कळते : नाडी शंभराच्या वर, ताप, पोट फुगणं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सीआरपी (शरीरातली सूज-जंतुसंसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) 150 च्या वर राहणं. यांतलं काही दिसलं तर डिस्चार्जची घाई नको.

लहान आतड्याची पिशवी असेल तर तिच्यात रोज किती जमा होतं ते मापानं मोजा. दीड लिटरच्या वर गेलं की शरीरातलं मीठ-पाणी वेगानं जातं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर फारच. अशा वेळी नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर मीठ आणखी वाहून जातं. ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाणीही बंद ठेवतात. गरज असते का?
— एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : बहुतेकांना नसते. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. आतडं तुंबलेलं असेल, पोट उशिरा रिकामं होत असेल तर मात्र भूलतज्ज्ञ सांगतील तेच. दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही. त्याला सहा तासांचा नियम. पहाटे घोटभर दुधाचा चहा दिला, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं.