तिसऱ्यांदा नीट, की रक्तवाहिन्यांच्या संशोधनाची वाट?

प्रश्न: माझी मुलगी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन बारावी झाली. नीट दोनदा दिली, पण सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके गुण मिळाले नाहीत आणि खासगीचे शुल्क आम्हाला झेपणारे नाही. माझ्या बहिणीला ‘फुप्फुसाचा बीपी’, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन असल्याचे निदान झाले, तेव्हापासून मुलगी म्हणते की मला यावरच संशोधन करायचे आहे. नातेवाईक आणखी एकदा नीट द्यायला सांगतात. डॉक्टर न होता असे संशोधन करता येते का? किती वर्षे लागतात? त्यावर पोट भरते का? शिवाय आमचे घर माळकरी आहे. उंदरांवर प्रयोग करावे लागतील, याची तिच्या आईला धास्ती वाटते.
– एक माध्यमिक शिक्षक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला रुग्ण तपासायचे असतील, त्यांच्यावर उपचार करायचे असतील, तर तिसऱ्या प्रयत्नाचा विचार जरूर करावा. परंतु तिला संशोधनच करायचे असेल, तर आणखी एक वर्ष त्याच परीक्षेला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संशोधनाला फारसा वेळ मिळत नाही आणि ज्या प्रश्नाने आपली मुलगी अस्वस्थ झाली आहे, त्याच्या उत्तराकडे जाणारे सरळ रस्ते विज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्र या शाखांमधूनही निघतात.

हा प्रश्न नेमका काय आहे, हे आपणही समजून घ्यावे. दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, त्याची सरासरी निरोगी माणसात पाऱ्याच्या नव्वदएक मिलिमीटरपर्यंत असते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत मात्र विश्रांतीच्या वेळी हीच सरासरी केवळ 14 मिलिमीटरच्या आसपास असते, आणि एवढ्या कमी दाबावर शरीरातील सगळे रक्त दर मिनिटाला फुप्फुसांतून फिरून येते. ही सरासरी 20 मिलिमीटरच्या वर गेली की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. तो दाब दंडावर मोजता येत नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्याचा अंदाज येतो, पण पक्के निदान हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर ही बारीक नळी घालूनच होते. उजव्या बाजूचा खालचा कप्पा मुळात पातळ भिंतीचा असल्यामुळे वर्षानुवर्षे वाढीव दाबाविरुद्ध काम करताना तो आधी जाड होतो, मग पसरतो आणि शेवटी थकतो. धाप लागणे, पायावर सूज येणे, भोवळ येणे ही त्याचीच लक्षणे होत.

आता डॉक्टर नसलेल्या माणसाला या विषयात स्थान आहे का, याविषयी. रॉबर्ट फर्चगॉट हे रसायनशास्त्राची पदवी आणि जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी. घेतलेले अमेरिकी संशोधक सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन त्यांच्यावर रसायनांचा परिणाम तपासत असत. अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने धमनीच्या सर्पिलाकार पट्ट्या आकुंचन पावत, तर धमनीचे गोल कडे (रिंग) तसेच ठेवले की त्याच रसायनाने ते सैल पडे. या विसंगतीचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा असे दिसले की पट्टी तयार करताना धमनीची आतली बाजू घासली जात होती आणि तिथला एंडोथेलियम हा एकाच पेशीच्या जाडीचा थर निघून जात होता. म्हणजे धमनी सैल करणारा काहीतरी संदेश त्या थरातून येत होता. हा निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. तो संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे पुढे सिद्ध झाले आणि 1998 चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुईस इग्नारो व फेरिद मुराद यांना मिळाले. इग्नारो यांचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे होते. तिघांपैकी वैद्यकीय पदवी फक्त मुराद यांच्याकडे होती. आपल्या नातेवाइकांना हे एवढे अवश्य सांगावे.

याच्या उलट काम करणारा, म्हणजे रक्तवाहिनी जोरात आवळणारा एंडोथेलिन हा पदार्थ जपानमधील त्सुकुबा येथील संशोधकांनी 1988 मध्ये शोधला. त्याची क्रिया रोखणारे बोसेंटान हे औषध अमेरिकेत 2001 मध्ये या आजारासाठी मान्य झाले, आणि नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम पेशीत अधिक काळ टिकवणारे सिल्डेनाफिल 2005 मध्ये. आपल्या भगिनींच्या गोळ्यांमध्ये यांपैकी एखादे नाव असू शकेल. मात्र ही औषधे प्रामुख्याने आवळलेली वाहिनी सैल करतात. आजार जुना झाला की वाहिनीची भिंतच जाड होते, आतल्या पेशी बेसुमार वाढतात आणि मार्ग बुजत जातो. ही वाढ कशी थांबवावी, हा आजचा खरा प्रश्न आहे. आनुवंशिक स्वरूपाच्या आजारामागे बहुतेक वेळा बीएमपीआर-2 या जनुकातील बिघाड असतो, हे 2000 मध्ये कळले. त्याच जनुकाशी निगडित पेशीसंदेशांचा बिघडलेला तोल सावरण्यासाठी तयार केलेल्या सोटाटरसेप्ट या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2024 मध्ये.

मधली ही 24 वर्षे मुलीला नीट समजावून सांगावीत, कारण आपल्या पत्रातून मला असे जाणवले की आत्याला बरे करण्याच्या ओढीने ती हा मार्ग निवडू पाहते आहे. ही माया मोलाची आहे. पण आत्याच्या आजच्या उपचाराचा प्रश्न आणि मुलीच्या करिअरचा प्रश्न हे दोन वेगळे ठेवावेत. या आजाराचे कारणांनुसार पाच गट केले जातात: स्वतः धमन्यांचा आजार, हृदयाच्या डाव्या बाजूच्या विकारामुळे होणारा, फुप्फुसांच्या विकारामुळे किंवा ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे होणारा, जुन्या रक्तगुठळ्यांमुळे होणारा आणि इतर कारणांचा. आपल्याकडे संधिवाती तापाने झडप अरुंद झालेले, तसेच वर्षानुवर्षे चुलीचा धूर सोसून फुप्फुसे बिघडलेले रुग्णही यांत असतात. गटानुसार उपचार बदलतात. जुन्या गुठळ्यांच्या काही रुग्णांना तर शस्त्रक्रियेने मोठा आराम पडतो. म्हणून बहिणीचा आजार कोणत्या गटातला आहे आणि तो गट कोणत्या तपासण्यांवरून ठरवला, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. त्या भेटीला मुलीला सोबत न्यावे. रोग एकच असूनही कारणे किती निरनिराळी असतात, हे तिला तिथेच कळू लागेल.

दहा-बारा वर्षे तिला टिकवून धरेल ती प्रयोगाची आवड, आणि ती आहे की नाही याचा अंदाज आताच घेता येतो. या क्षेत्रात रोजचे काम कसे असते ते सांगतो. रक्तवाहिनीचे दोनएक मिलिमीटर लांबीचे कडे सूक्ष्मदर्शकाखाली मोकळे करायचे, केसापेक्षाही बारीक तारा त्यातून ओवायच्या, 37 अंश तापमानाच्या क्षारद्रावात ते जिवंत ठेवायचे आणि एकेक औषध वाढत्या मात्रेत देत त्याचा ताण मोजायचा. हात थोडा घसरला तरी एंडोथेलियम खरवडला जातो आणि दिवसभराचे निष्कर्ष निरुपयोगी होतात. दुसऱ्या दिवशी पेशींची जोपासना, नंतर प्रथिनांचे मोजमाप, आणि त्यानंतर आकडेवारीचे विश्लेषण. ज्या विद्यार्थिनीला एकच मोजमाप पुनःपुन्हा काळजीपूर्वक करताना कंटाळा येत नाही आणि अपेक्षेपेक्षा वेगळे उत्तर आले की कुतूहल वाटते, तिने या वाटेला जावे. महाविद्यालयात गेल्यावर निकालाची ओढ फार आणि प्रक्रियेचा त्रास वाटतो असे दिसले, तर तिने जनुकीय समुपदेशन किंवा औषधचाचण्यांचे व्यवस्थापन यांसारख्या, रुग्णांच्या जवळ राहणाऱ्या कामांचा विचार करावा. त्यांतही समाधान आहे.

तिचे गणित अकरावीपासून सुटले आहे, हा कच्चा दुवा मला नीटच्या गुणांपेक्षा अधिक गंभीर वाटतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा विरोध 16 पट वाढतो. या एका नियमाशिवाय हा आजार समजतच नाही. कलनशास्त्राची (कॅल्क्युलस) तोंडओळख आणि संख्याशास्त्राचा पक्का पाया तिने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत स्वतःहून तयार करावा. आपण शिक्षक आहात, तेव्हा शाळेतील गणिताच्या सहकाऱ्यांची मदत मिळणे अवघड नाही.

मार्गांविषयी थोडक्यात लिहितो. आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची आयएटी आणि मुंबईच्या कलिना परिसरातील अणुऊर्जा विभागाच्या केंद्रासाठी असलेली नेस्ट, या दोन परीक्षांतून प्रवेश मिळाल्यास पदवीपासूनच प्रयोगशाळेची सवय लागते. आयएटीमध्ये गणिताचेही प्रश्न असतात आणि बारावी कोणत्या वर्षी झाली असावी याची अट असते, ती आधी पाहावी. दुसरा मार्ग एमएचटी-सीईटीतून बी.फार्म., पुढे जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन औषधक्रियाशास्त्रात (फार्माकॉलॉजी) एम.फार्म. या विषयासाठी मला हा मार्ग विशेष योग्य वाटतो, कारण औषध आणि रक्तवाहिनी यांचा संबंध हा औषधक्रियाशास्त्राचा गाभाच आहे, शिवाय संशोधन जमले नाही तरी हाती व्यवसायाची पदवी राहते. तिसरा मार्ग घराजवळ बी.एस्सी. करून शिवाजी विद्यापीठात किंवा अन्यत्र जीवरसायनशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करण्याचा. साधे महाविद्यालय निवडल्यास उन्हाळ्याच्या सुटीत तिन्ही विज्ञान अकादमींच्या संयुक्त संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणे तिने सोडू नये. पीएच.डी.च्या टप्प्यावर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, आयआयटी मुंबईचा जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग आणि दिल्लीची डिपास ही संरक्षण संशोधन संस्था, जिथे उंच प्रदेशातील जवानांच्या शरीरक्रियेचा अभ्यास होतो, ही नावे तिने ध्यानात ठेवावीत. उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातील वाहिन्या आवळतात, हे 1946 मध्ये स्वीडनमध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले गेले; लडाख-सियाचीनमध्ये तैनात असलेल्यांसाठी तो आजही जिवाशी निगडित विषय आहे.

वर्षांचा हिशेब लपवण्यात अर्थ नाही. पदवी व पदव्युत्तर मिळून पाच-सहा, पीएच.डी.ची पाच-सहा आणि त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षे पोस्टडॉक्टरल काम. म्हणजे स्थिर नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडते. परंतु पीएच.डी.च्या काळात घरातून पैसे घालावे लागू नयेत अशी सोय आहे. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये आहे, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. ती कधीकधी उशिरा जमा होते, याची तयारी ठेवावी. प्राध्यापकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या कायम जागा थोड्या आहेत. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथील औषध कंपन्यांमध्ये औषधक्रियाशास्त्र जाणणाऱ्यांना काम मिळते आणि बऱ्याच जणांची वाटचाल तिकडेच होते. आपल्यावर कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडांचे शिक्षण तिच्या पगारावर अवलंबून असेल, तर बी.फार्म.चाच मार्ग घ्यावा.

तिच्या आईंचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण तो घाईने बाजूला सारण्याजोगा नाही. या आजाराच्या अभ्यासात उंदरांचा वापर होतो. मोनोक्रोटालीन नावाचा वनस्पतिज पदार्थ एकदा टोचला की तीन-चार आठवड्यांत त्यांच्या फुप्फुसधमन्यांचा दाब वाढतो. आपल्याकडे उसाआधी हिरवळीचे खत म्हणून जो ताग पेरतात, त्याच्याच प्रजातीतील एका वनस्पतीच्या बियांपासून तो मिळतो. अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, प्राण्यांची संख्या का आवश्यक आहे हे लेखी पटवून द्यावे लागते आणि वेदना कमीत कमी होतील याचे नियम असतात. पदवीच्या वर्गांत हे प्रयोग आता बंद झाले असून संगणकावर शिकवले जातात. उंदरांवर गुणकारी ठरलेली अनेक औषधे माणसांत निष्प्रभ ठरली, त्यामुळे मानवी पेशी, प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुप्फुसांची ऊती, जनुकीय माहिती आणि प्रतिमांचे गणिती विश्लेषण यांवरील कामाचे महत्त्व वाढते आहे. केवळ अशाच प्रकारचे काम करून पीएच.डी. पूर्ण करता येते. मार्गदर्शक निवडताना हा प्रश्न उघडपणे विचारणे योग्य असते आणि कोणताही चांगला संशोधक त्याचा राग मानणार नाही. मायलेकींनी याविषयी आताच मोकळेपणाने बोलावे. निर्णय मुलीचा असावा, पण आईला न सांगता घेतलेला नसावा. यंदाचे अर्ज भरण्यापूर्वी आयएटी, नेस्ट आणि एमएचटी-सीईटी या तिन्ही परीक्षांच्या तारखा संबंधित अधिकृत संकेतस्थळांवरून तिने स्वतः उतरवून घ्याव्यात आणि गणिताचा अभ्यास याच आठवड्यात सुरू करावा.