भाच्यावर असाइनमेंट लिहू का?

धायरीच्या आत्याबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते: तू नोकरी सांभाळून रात्री बालगुन्हेगारीवरचा ऑनलाइन कोर्स करतेयस, शेवटची असाइनमेंट म्हणजे एका मुलाची केस स्टडी, आणि नेमका तुझा सोळा वर्षांचा भाचा कोयता हातात घेऊन रील केलं म्हणून पोलिसांनी पकडला. नाव बदलून त्याच्यावरच लिहावं असं तुझ्या मनात आलं, वहिनीला चार प्रश्न विचारलेस, आणि भाऊ फोनवर उखडला, "आमच्या पोराचा प्रोजेक्ट करतेस का?" तेव्हापासून बोलणं बंद. आता कोर्सच सोडू का म्हणतेस.

कोर्स अजिबात सोडू नकोस. भाच्यावर मात्र लिहू नकोस.

नाव बदलून काय होतंय गं, धायरी, दहावीत गळलेला, वडिलांचं गॅरेज, कोयत्याचं रील, एवढं वाचल्यावर तुमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा सांगेल कोण ते. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 74 आहे, मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही छापायला बंदी. तुझी असाइनमेंट काही पेपरात येणार नाहीये, मान्य, पण जे कायद्याने परक्यांपासून झाकलंय ते आत्याने उघडं करून मार्क मिळवायचे हे मला पटत नाही. आणि भावाला राग कुठल्या कलमामुळे आलेला नाहीये. तुझे प्रश्न बघ ना: घरात मारहाण होते का, दादा पितो का, मित्र कोण, शाळा कधीपासून बुडवत होता. हे सगळं परिवीक्षा अधिकारी विचारणारच आहे, त्याला अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळासाठी सामाजिक तपासणी अहवाल करायचा असतो. तेच परत नणंदेच्या तोंडून ऐकताना वहिनीला काय वाटलं असेल?

केस हवीच असेल तर 2024 ची कल्याणीनगरची घे, अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीखाली दोघे गेले ती, सगळं जाहीर आहे. जामिनाच्या अटीतल्या 300 शब्दांच्या निबंधावर आख्खं पुणं बोललं, पण पुढचं फार जणांना माहीत नसतं, की आरडाओरडा झाल्यावर मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये मुंबई हायकोर्टाने सोडलं तेव्हा ताबा त्याच्या आत्याकडे दिला. यावर लिहायला भरपूर आहे, कुणाच्या घरात डोकवावंही लागत नाही.

आता तुझं शिक्षण घरात कुठे उपयोगी पडेल ते सांगते. पोराचं आयुष्य बरबाद झालं, नोकरी नाही लागणार, हे भावाच्या डोक्यात बसलंय. याच कायद्याचं कलम 24 सांगतं की मंडळाने दोषी धरलं तरी त्यामुळे मुलगा पुढे अपात्र ठरत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर रेकॉर्डही नष्ट करायचं असतं. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल आणि खटला मोठ्या माणसासारखा चालला तर वेगळं, पण तुझ्या पत्रावरून तरी हे प्रकरण तसलं दिसत नाही. तरी वकिलाला विचारा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून लहान मुलांना फुकट वकील मिळतो.

अजून एक, बाल न्याय मंडळ बसतं येरवड्याला, आणि पुण्यात "येरवड्याला तारीख आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला जेलच दिसतो. वहिनी बहुतेक म्हणूनच कुणाशी बोलत नसेल. तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत एक तरी बाई, आणि पोराला पोलीस लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, हे तू वाचलंयस, तिला कुणी सांगितलंय का? पण क्लास घेतल्यासारखं नको हं, तुमचं ते लेक्चर मोड मला पत्रातूनही कळतंय!

कोर्समध्ये ट्रॅव्हिस हर्शी हा गुन्हेशास्त्रज्ञ आला असेलच, त्याचं पुस्तक 1969 चं. पोरं गुन्हा का करतात यापेक्षा बाकीची का करत नाहीत असा उलटा प्रश्न विचारणारा. त्याचं म्हणणं ढोबळमानाने असं की घर, शाळा, काम यांच्याशी जीव गुंतलेला असतो म्हणून. तर भाच्याला तू आवडतेस असं तूच लिहिलंयस, लहानपणी सुट्टीत तुझ्याकडेच असायचा. मग रविवारी गॅरेजवर जा, चहा पी, त्याच्याकडून स्कूटीचा ब्रेक ठीक करून घे आणि त्याचे पैसे दे त्याला. रीलचा विषय त्याने काढला तर ऐक, नाही काढला तर राहू दे.

भावाला फोन करू नकोस, तो कट करेल. वहिनीला एवढाच मेसेज टाक: "पुढची तारीख कधी आहे? मी रजा काढून येते." खाली कलम नको, हर्शी नको, सॉरीचा निबंधही नको. असाइनमेंटला अजून तीन आठवडे आहेत म्हणतेस ना, मग ती तारखेनंतर लिही.