पाण्यातली बुरशी श्वसन कसं करते? तिच्यात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग) असतात का?

असतात, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतातही. मी मुंबईत बीएस्सीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेते. पावसाळ्यात आम्ही पवई तलावाचं पाणी बशीत घेऊन त्यात उकळलेले तीळ सोडतो. तीन-चार दिवसांत तिळाभोवती पांढरा, कापसासारखा पुंजका धरतो. त्यातला धागा काचपट्टीवर घेऊन जानस ग्रीन या रंगाचा थेंब टाकायचा. आत हिरवट-निळे ठिपके सरकताना दिसतात, त्या तंतुकणिका. त्यांच्यातलं ऑक्सिजन वापरणारं विकर (एन्झाइम) या रंगाला टिकवून धरतं, बाकीच्या पेशीत तो फिका पडतो. म्हणजे श्वसन चालू असतानाच तुम्ही ते बघत असता!

बुडलेल्या बुरशीला ऑक्सिजन कुठून, हा पुढचा प्रश्न. तो पाण्यात विरघळलेला असतो. ३० अंश तापमानाला लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. धागा इतका बारीक, की भिंतीतून ऑक्सिजन आपसूक आत झिरपतो.

एक गोष्ट मात्र मी मुलांना आवर्जून सांगते. तिळावर बऱ्याचदा येते ती सॅप्रोलेग्निया, आणि ती खरी बुरशी नव्हे. तिची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची (दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्यांचे पदार्थ), तंतुकणिकेतल्या घड्या नळीसारख्या. खऱ्या बुरशीत भिंत कायटिनची (कीटकांच्या कवचात असतो तो पदार्थ) आणि घड्या चपट्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ब्लास्टोक्लॅडिएला या खऱ्या पाणबुरशीचा चलबीजाणू, म्हणजे पोहणारा बीजाणू. त्याला शेपटी एक आणि तंतुकणिकाही एकच, पण चांगली मोठी, नेमकी शेपटीच्या मुळाशी बसलेली. ऊर्जा जिथे खर्च व्हायची तिथेच तयार होते. पोहताना तो बाहेरचं काही खात नाही, सोबतची चरबी आणि ग्लायकोजेनची (साठवलेल्या साखरेची) शिदोरी जाळतो.

आणि ऑक्सिजनच नसेल तर? आरे कॉलनीतल्या तबेल्यात रवंथ करत बसलेल्या म्हशीच्या पोटात अशीच बुरशी राहते. तिच्या पोहणाऱ्या बीजाणूंना लोक आदिजीव (प्रोटोझोआ, एकपेशीय प्राणी) समजत. ती बुरशी आहे हे कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये मेंढ्यांवरच्या कामातून दाखवलं. तिच्यात नेहमीच्या तंतुकणिका नाहीत. त्यांचंच बदललेलं रूप, हायड्रोजनोसोम, ऑक्सिजनशिवाय थोडी ऊर्जा काढतं आणि हायड्रोजन बाहेर टाकतं. तो शेजारचे सूक्ष्मजीव उचलतात, त्याचा मिथेन करतात, आणि म्हैस तो ढेकरेतून सोडते.