चाळीस म्हणजे कितींपैकी?

बाबू,

तुझं पत्र परवा मिळालं. मेडिकल कॉलेजच्या निवडणुकीत संशोधन सचिवपदासाठी उभं राहू की नको, आपण मराठी शाळेतले, समोरचा नागपूरचा, भाषण इंग्रजीत ठोकतो, हे सगळं दोन पानं भरून लिहिलंस. शेवटी म्हणतोस, ‘मॅडम, चाळीस जण माझ्या बाजूने आहेत.’ कितींपैकी रे? शंभरांपैकी की तीनशेंपैकी? तेच लिहायचं राहिलं. तुझी अडचण इथे आहे, इंग्रजीत नाही.

उभा राहा. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

जाहीरनामा वाचला. पोस्टर स्पर्धा, मुंबईचे वक्ते, सगळ्यांना प्रमाणपत्र, आणि ‘प्रत्येकाचं रिसर्च पेपरवर नाव’. हे शेवटचं आधी खोड. काम न करता नाव लावणं ही चोरी आहे, आणि तू तिचं आश्वासन वाटतोयस! बाकीचं असू दे, मतंही लागतात. पण पहिली ओळ माझी घाल : ज्या आजारावर बोलू, त्याचा छेद आधी शोधू. शाळेतल्या अपूर्णांकातला छेद, म्हणजे एकूण किती माणसांपैकी, दुसरं काही नाही. अंश काय, कोणाकडेही असतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के. ते दोघं दवाखान्यात बसून केसपेपर मोजत राहिले असते, तर ह्या बायका कुणाला दिसल्या असत्या?

आता माझं ऐक. तालुक्याच्या दवाखान्यात मी अठरा पावसाळे काढले. निंदणाच्या दिवसांत साप चावलेली बाई बैलबंडीतून यायची. दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. नवरा शेजारी उभा, ‘हलवून पाहा ना बाप्पा.’ रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विष भिनलंय, की सलाईनमधून सापाच्या विषावरची लस सुरू. आमच्याकडे नळ्या साबणाच्या पावडरने धुवून पुन्हा वापरायचे. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन हंगाम गेले.

त्या काळात साप चावलेल्यांची एक वही ठेवली होती. पुढे पाठवलेले आणि दगावलेले, एवढेच त्यात. बरे होऊन घरी गेले, त्यांना कशाला लिहायचं? पुढे त्यावरून पेपर लिहून पाठवला. एका ओळीचा प्रश्न घेऊन परत आला : एकूण आले किती? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्रपाळीला मी एकटी, लाईट गेलेली, व्हरांड्यात अख्खं गाव, त्यात कोणी मांत्रिकालाही घेऊन आलेलं. अशात कोण रकाने भरतं, तूच सांग. पण नाही, भरता आले असते. सिस्टर त्याच रात्री, टॉर्च तोंडात धरून, लसीच्या कुप्यांचा हिशेब लिहायच्या. कुपी न् कुपी जुळायची. माणसांचं तेवढं राहिलं.

म्हणून तुला छळतेय. सिकलसेलवर, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर, काम करायचं म्हणतोस ना? मग वॉर्डातली नावं मोजत बसू नकोस. ज्याला आई किंवा बाप एकाकडूनच तो दोष आला, त्या वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, तो वॉर्डात येईल कशाला? एक गाव घे, घरं मोज, माणसं मोज, मग रक्त. त्याआधी मार्गदर्शक आणि एथिक्स कमिटीची परवानगी. घाई करू नकोस, सिकलसेलच्या तपासणीच्या एका कार्डावरून पोरीचं ठरलेलं लग्न मोडतं आपल्याकडे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांना छोटं संशोधन करायला देणारी एसटीएस योजना १९७९पासून आहे, दोन महिन्यांचं काम असतं. सचिव झालास तर वक्ते बोलावण्याआधी पोरांना तो अर्ज लिहायला बसव, आणि प्रत्येकाला विचार, छेद कुठाय? चिडतील. चिडू दे.

ती वही अजून कपाटात आहे, एका कोपऱ्याला उधळी लागलीय. रविवारी ये, घेऊन जा. सकाळची एसटी चुकवू नकोस, दुसरी थेट दुपारी आहे. येताना मतदारांची पुरी यादी आण. ते तुझे चाळीस कोण, त्यांच्यापुढे पेन्सिलने खुणा करू.

तुझी,
मॅडम