फ्रान्समधलं नव-शापेल हे गाव कसं आहे? लिलहून मुद्दाम जावं का?

तुम्ही लिहिलंय की कामासाठी लिलमध्ये मुक्काम आहे, एक रविवार मोकळा आहे, आणि भारतीय सैनिकांचं स्मारक असलेल्या या गावात स्मारकापलीकडे काही बघण्यासारखं आहे का. आहे. जरूर जा, आणि स्मारकापाशी फोटो काढून लगेच परत फिरू नका. तासभर शिवारातून चाला. ती जमीन पायाखाली आल्याशिवाय तिथं काय घडलं ते समजत नाही.

गाव पा-द-काले जिल्ह्यात, लिलपासून साधारण २५ किलोमीटरवर. वस्ती जेमतेम दीड हजाराची. नावाचा अर्थ ‘नवं प्रार्थनाघर’. (त्यातला ‘नव’ आणि आपला ‘नव’ मुळात एकच शब्द, याचा मला फार आनंद झाला होता.) विटांची घरं, एक चर्च, चहूकडे गहू, मका, बटाटा आणि साखरेचं बीट. सगळं सपाट. माती चिकण आणि पाणी अगदी वर, म्हणून शेताशेताच्या कडेने चर खणलेले. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर होता आणि प्रत्येक चर काठोकाठ भरलेला होता. फूट-दोन फूट खणलं की पाणी लागतं. त्यामुळे पहिल्या महायुद्धात इथे खोल खंदक खणताच येईनात. मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून त्यांच्या आडोशाला माणसं महिनोन्‌महिने चिखलात उभी राहिली. पूर्वेला ओबेरचा उंचवटा दिसतो. आपण त्याला टेकाडही म्हणणार नाही. पण अशा सपाटीवर तेवढी उंचीही पुरते. तिथून सगळं शिवार दिसतं, आणि तो जर्मनांच्या हातात होता.

मी खडकीत वाढलो. बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, आवाराच्या कडेने शाळेत जायचो, पण त्यांचं या गावाशी नातं आहे हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, जर्मनांनी घेतलेलं हे गाव सोडवायला ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या पाठवल्या गेल्या. या पथकात मराठे, शीख, मुसलमान असे सगळे होते. पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग लावणारे कुशल लोक. त्या दिवशी त्यांना संगिनी लावून पायदळासारखं धाडलं. ते गावात घुसले, गल्लीगल्लीत, घराघरात हातघाईची लढाई झाली. पण मागून कुमक आली नाही आणि गाव सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. असे कसबी लोक पुन्हा तयार करायला वर्षं लागतात. त्यांना असं खर्ची घातलं, याचा मला आजही राग येतो.

लोकांना माहीत असते ती पुढची लढाई, १० ते १३ मार्च १९१५ ची. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून आधी नकाशे केले होते. सकाळी साडेसातला सुमारे ३४० तोफा ३५ मिनिटं धडाडल्या आणि त्याच सकाळी गाव हाती आलं. मग सगळं अडलं. टेलिफोनच्या तारा तुटल्या, हुकूम पोचेनात, तोफगोळे संपत आले. लेज नावाच्या ओढ्यावरच्या पुलापाशी जर्मन मशीनगन होत्या, त्या हलल्याच नाहीत. तो ओढा बघाच. आपल्याकडे त्याला पाट म्हणतील, एवढाच आहे. चार दिवसांत सुमारे दोन किलोमीटर जमीन मिळाली आणि ब्रिटिश व भारतीय मिळून ११ हजारांहून अधिक माणसं मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगीला इथेच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय १९.

स्मारक गावाच्या नैऋत्येला, ला बासेच्या रस्त्यावरच्या चौकात आहे. १५ मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, आणि सांचीच्या कठड्याची आठवण यावी अशी दगडी जाळी. हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं हे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ ला खुलं झालं. ज्यांची कबरही नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतीवर आहेत. सॅपर्सची नावं शोधून वाचा, मोठ्याने वाचलीत तर आणखी चांगलं. समोरच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. एप्रिल १९१८ मध्ये त्यांनीही इथे फार सोसलं. गावातल्या क्रुसावरची येशूची मूर्ती तोफमाऱ्यात पाय आणि एक हात गमावूनही राहिली. फ्रान्सने ती १९५८ मध्ये पोर्तुगालला दिली, आणि आता ती बातल्याच्या मठात, त्यांच्या अनाम सैनिकांच्या कबरीपाशी आहे.

युद्धात गावाचा चुराडा झाला होता. आज दिसतं ते सगळं नंतर बांधलेलं. शेतं मात्र त्याच जागी आहेत, त्याच चरांमध्ये बांधलेली. चांगले बूट घालून जा, चिखल लागणारच. आणि बांधावर एखादा गंजका गोळा पडलेला दिसला तर हात लावू नका. नांगरटीत ते अजूनही वर येतात.